साज तोच, साजिंदे बदलते : रवेलीपासून नया थिएटरपर्यंत

रायपूरच्या पुरानी बस्तीत तुम्ही कधी गेलात, तर महामाया मंदिर, जैतूसाव मठ आणि थोडे पुढे दूधाधारी मठ अशी जुनी ठिकाणे पायी हिंडता हिंडता पाहून होतात. या गल्ल्यांत मराठी आडनावे भेटली तर आश्चर्य वाटू देऊ नका. जवळच तात्यापारा आहे, आणि १८५४ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. पण आपला आजचा विषय भोसले नाहीत. जुन्या रायपुरात जन्मलेला एक कवी, त्याने उभी केलेली मंडळी, आणि त्या मंडळीत पन्नास वर्षे चाललेली माणसांची ये-जा हा आपला विषय आहे.

सुरुवात एका शब्दापासून करू. छत्तीसगडी बोलीत नाचा करणाऱ्या मंडळीला ‘साज’ म्हणतात. मराठीत साज म्हटले की आपल्याला वाद्ये किंवा दागिने आठवतात. तिकडे ‘रवेली साज’ म्हणजे रवेली गावची नाचा पार्टी. माणसांच्या समूहाला वाद्यांचे नाव मिळाले, याला अर्थ आहे. वादक आज एक असेल, उद्या दुसरा असेल, साज मात्र तोच राहतो. आजच्या तरुण संगीतकारांत असे ‘बँड’ पुष्कळ आहेत, ज्यांत गीतकार एकच आणि साथीदार दर मोसमाला वेगळे असतात. ही कल्पना तुम्हाला नवी वाटत असेल, तर पुढचा इतिहास लक्षपूर्वक वाचा.

नाचा आणि गम्मत

नाचा म्हणजे रात्र उजाडेपर्यंत चालणारा खेळ. त्यात गाणे, नाच आणि हसवाहसवीची छोटी नाटुकली असतात. या नाटुकल्यांना ‘गम्मत’ म्हणतात. स्त्रीवेष घेऊन नाचणारा पुरुष म्हणजे ‘परी’ आणि विनोदी पात्र म्हणजे ‘जोक्कड’. तमाशा ज्यांनी पाहिला आहे त्यांना नाच्या आणि सोंगाड्या लगेच आठवतील. हे साम्य योगायोगाचे नाही, असे काही अभ्यासक मानतात. भोसल्यांच्या फौजेच्या तळावर सैनिकांच्या करमणुकीसाठी गम्मत होत असे आणि तिथून हा प्रकार छत्तीसगडच्या गावांत उतरला, अशी त्यांची मांडणी आहे. गम्मत हा शब्द दोन्हीकडे आहे हे खरे. पण एवढ्यावरून नाचा तमाशाचे पोर ठरवणे मला घाईचे वाटते. नाच्यात देवार, सतनामी, राऊत अशा स्थानिक समाजांची गाणी आणि नाच इतके भरून आहेत की, बाहेरून आलेली गोष्ट फार तर एखादा सांगाडा असेल.

जुन्या काळी ‘खडे साज’ असे. वादक वाद्ये कमरेला बांधून उभ्यानेच वाजवत आणि मशालीच्या उजेडात नाचणाऱ्यांच्या मागे-पुढे सरकत. मंडळी ठरलेली नसे. गावात लग्न किंवा जत्रा असली की या गावचा चिकारावाला, त्या गावचा तबलजी, आणखी कुठला जोक्कड असे जमत. खेळ संपला की पांगत.

ही पांगापांग थांबवण्याचे श्रेय दाऊ मंदराजी यांना दिले जाते. त्यांचे खरे नाव दुलारसिंह साव. राजनांदगावजवळच्या रवेलीच्या मालगुजार घराण्यातला हा मुलगा. मराठी वाचकाने ‘दाऊ’ म्हणजे साधारण आपल्याकडचा ‘पाटील’ किंवा ‘मालक’ समजावा. १९२७-२८ च्या सुमारास त्यांनी चार कलावंत हेरून आपल्या गावी आणले आणि संघटित नाचा पार्टी उभी केली. स्वतः ते चिकारा वाजवत. पुढे त्यांनीच चिकाऱ्याच्या जागी पेटी आणली, मशालीच्या जागी गॅसबत्ती आणली आणि उभ्या वादकांना खाली बसवले. बसल्यामुळे काय बदलले असेल, याचा विचार करा. पेटी कमरेला बांधून रात्रभर वाजवता येत नाही. पेटी हवी तर बसणे आले. बसले की वादक एका जागी स्थिर झाले, समोरची जागा नटांना मोकळी मिळाली आणि गम्मत लांबत गेली. एका वाद्यामुळे रंगमंचाची मांडणीच बदलली.

रवेली साजात पुढे मोठमोठे कलावंत आले आणि गेले. हे येणे-जाणे समजून घ्यायचे तर शेतीचे वर्ष डोळ्यांपुढे ठेवावे लागते. धानाची कापणी झाली की नाच्याचा मोसम सुरू होतो आणि पहिल्या पावसाआधी संपतो. पावसाळ्यात कलावंत पुन्हा शेतमजूर होतो. पुढच्या मोसमाला तो त्याच साजात परतेल याची हमी कुणी देऊ शकत नसे. दुसऱ्या दाऊने जास्त बिदागी देऊ केली तर तो तिकडे जाई. हीच गोष्ट आपल्या तमाशाच्या फडांतही होती. पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांचे नाव घेतले की लोक पवळा हिवरगावकर यांचे नाव घेतात, कारण लावणी लिहिणारा आणि ती गाणारी यांची जोडी जमली तेव्हा फड गाजला आणि जोडी फुटली तेव्हा फडही उतरणीला लागला. दोघांच्या अखेरीत आणखी एक साम्य आहे. बापूरावांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. मंदराजींनी आपली बरीचशी जमीन साजावर उधळली आणि म्हातारपणी ते इतरांच्या पार्ट्यांत पेटी वाजवत. १९८४ मध्ये ते गेले. आज छत्तीसगड शासनाचा लोककलेसाठीचा सन्मान त्यांच्या नावाने दिला जातो.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला रवेली आणि रिंगनी ही दोन मातब्बर साजे एकत्र आली. मदनलाल निषाद, ठाकूरराम, लालूराम, भुलवाराम ही नावे याच साजांच्या परिसरातली. ती लक्षात ठेवा.

कवी घर सोडतो

हबीब अहमद खान यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूरला झाला. ‘तन्वीर’ हे त्यांनी कवितेसाठी घेतलेले टोपणनाव. पुढे तेच आडनावासारखे चिकटले. लॉरी म्युनिसिपल हायस्कूलमधून मॅट्रिक झाल्यावर ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले आणि १९४४ मध्ये पदवीधर झाले. रायपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. तुमच्यापैकी कुणी नागपूरच्या वसंतराव नाईक संस्थेत शिकत असेल, तर हेच ते जुने मॉरिस कॉलेज. नंतर अलीगढला थोडे शिक्षण घेऊन १९४५ मध्ये ते मुंबईला पोचले. आकाशवाणी, चित्रपट, पत्रकारिता असे मिळेल ते काम त्यांनी केले. प्रगतिशील लेखक संघ आणि ‘इप्टा’ या दोन्ही संघटनांत ते होते. इप्टाच्या अवतीभवती तेव्हा अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक गिरणगाव दणाणून सोडत होते. गाण्यातून नाटक उभे करता येते आणि कामगार त्यासाठी रात्रभर उभा राहतो, याचे प्रत्यक्ष उदाहरण त्या मुंबईत होते.

१९५४ मध्ये ते दिल्लीला गेले आणि त्यांनी ‘आगरा बाजार’ रचले. नझीर अकबराबादी हा आग्र्याचा लोककवी. काकडी, लाडू, पतंग, अस्वलाचे पिल्लू अशा रोजच्या गोष्टींवर लिहिणारा, म्हणून पंडित मंडळींनी दुर्लक्षिलेला. नाटकाचा नायक हाच कवी, पण तो रंगमंचावर एकदाही येत नाही. बाजारातल्या एका काकडीवाल्याचा माल खपत नाही. नझीरची कविता गात विकायला सुरुवात केल्यावर तो खपू लागतो. एवढीच गोष्ट. या प्रयोगात जामिया मिलियाचे विद्यार्थी होते आणि शेजारच्या ओखला गावचे गावकरीही होते. कवी पडद्याआड आणि त्याची गाणी लोकांच्या तोंडी, ही रचना हबीबजींना वयाच्या तिसाव्या वर्षीच सापडली होती. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा नकाशा इथेच आहे.

१९५५ मध्ये ते इंग्लंडला नाट्यशिक्षणासाठी गेले. लंडन आणि ब्रिस्टल असे शिक्षण झाले. नंतर युरोपात भटकत १९५६ मध्ये बर्लिनला पोचले, ते ब्रेख्तला भेटायला. ब्रेख्त त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला होता. हबीबजी काही महिने तिथे राहिले आणि त्याच्या मंडळीचे प्रयोग पाहत राहिले. ब्रेख्तच्या नाटकात गाणे गोष्ट पुढे ढकलत नाही. ते गोष्ट थांबवते आणि तिच्यावर बोलते. रायपूरच्या माणसाला हे परके वाटण्याचे कारण नव्हते, कारण गम्मतीत हेच चालते.

शाळेच्या मैदानावरची रात्र

१९५८ मध्ये परत आल्यावर ते घरी रायपूरला गेले. ज्या शाळेत शिकले होते तिच्याच मैदानावर नाचा होणार असल्याचे त्यांना कळले. ते गेले आणि रात्रभर बसून राहिले. सकाळी त्यांनी कलावंतांना दिल्लीला येण्याबद्दल विचारले. मदनलाल, ठाकूरराम, बाबूदास, भुलवाराम, लालूराम आणि जगमोहन असे सहा जण त्यांच्याबरोबर निघाले. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’वरून बसवलेल्या ‘मिट्टी की गाडी’त हे सहा जण दिल्लीकरांपुढे उभे राहिले. १९५९ मध्ये मोनिका मिश्र यांच्यासह हबीबजींनी ‘नया थिएटर’ ही स्वतःची संस्था काढली. मोनिकाजी पुढे त्यांच्या सहधर्मचारिणीही झाल्या.

इथे गोष्ट सुखान्त झाली असे पाठ्यपुस्तके सुचवतात. तसे झाले नाही. पुढची बारा-तेरा वर्षे हबीबजी अडखळत होते. आपले काय चुकत होते ते त्यांनी नंतर अनेकदा मोकळेपणाने सांगितले आहे. एक तर ते शिकलेल्या दिग्दर्शकासारखे हालचाली आखून देत. या वाक्याला उजवीकडे, त्या वाक्याला चार पावले पुढे. ज्याने आयुष्यभर तीन बाजूंनी बसलेल्या प्रेक्षकांकडे पाहून, त्यांच्या हशाप्रमाणे वळत काम केले, त्याला हे जमेना. दुसरे म्हणजे ते कलावंतांना हिंदी बोलायला लावत. छत्तीसगडीत पाणी वाहावे तसा बोलणारा नट हिंदीत जड होऊन जाई. ही चूक नटांच्या माथी मारणे सोपे होते. हबीबजींनी ती स्वतःकडे घेतली, आणि याचसाठी मी त्यांचा इतिहास विद्यार्थ्यांना सांगतो.

१९७३ मध्ये रायपूरला त्यांनी सुमारे महिनाभराची नाचा कार्यशाळा घेतली. वेगवेगळ्या साजांतले शंभरच्या आसपास कलावंत जमले. तीन जुन्या गम्मती एकत्र गुंफून ‘गांव का नाम ससुराल मोर नाम दामाद’ तयार झाले. भाषा छत्तीसगडी, हालचाली नटांच्या स्वतःच्या. दिल्लीत ते चालले. भाषा न समजणाऱ्यांनाही ते कळले.

याच सुमारास महाराष्ट्रात काय चालले होते ते शेजारी ठेवून पाहा. १९७२ मध्ये पुण्यात तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ आले. त्यात खेळे, कीर्तन, लावणी हे सगळे आहे, पण रंगमंचावर शहरी, शिकलेले नट आहेत. लोककलेचा घाट घेतला, लोककलावंत घेतला नाही. हबीबजींनी उलटे केले. घाट त्यांनी कुठलाही घेतला, संस्कृत नाटक, शेक्सपिअर, ब्रेख्त, पण माणसे नाच्यातली ठेवली. दोन्ही वाटा प्रामाणिक आहेत. परिणाम मात्र वेगळे झाले. घाट घेतलात तर कलावंताच्या पोटापाण्याची जबाबदारी येत नाही. माणूस घेतलात तर येते.

चरणदास कोण?

‘चरणदास चोर’ हे नाटक तुम्ही अभ्यासक्रमात वाचले असेल. मूळ गोष्ट विजयदान देथा यांनी सांगितलेली राजस्थानी लोककथा. एक चोर खरे बोलण्याचे व्रत घेतो आणि त्यापायी राणीच्या हातून मरण पत्करतो. भिलाईच्या कार्यशाळेत १९७४ मध्ये हे नाटक आकाराला आले आणि १९७५ पासून नावारूपाला आले. त्यात सतनामी समाजाचा पंथी नाच आहे. गाणी स्वर्णकुमार साहू, गंगाराम साकेत अशा स्थानिक कवींची आहेत. श्याम बेनेगल यांनी त्याच वर्षी त्यावर मुलांसाठी चित्रपट केला. त्यात राणी झाली स्मिता पाटील, आणि चोर झाला लालूराम, तोच १९५८ चा लालूराम. १९८२ मध्ये एडिनबरोच्या महोत्सवात नाटकाला ‘फ्रिंज फर्स्ट’ हा पुरस्कार मिळाला.

चोराची भूमिका रंगमंचावर गोविंदराम निर्मलकर यांनी वर्षानुवर्षे केली, नंतर दीपक तिवारी यांनी. राणीच्या भूमिकेत फिदाबाई मरकाम गाजल्या. तीस वर्षांत या नाटकात किती माणसे बदलली याची गणती कठीण आहे. कुणी गावी परतले, कुणी आजारी पडले, कुणी वारले, कुणी रागावून गेले आणि दोन वर्षांनी पुन्हा आले. तरी नाटक तेच राहिले. कसे? याचे एक उत्तर गाण्यांत आहे. नया थिएटरमध्ये संवाद प्रयोगागणिक थोडे हलत, पण गाणी घट्ट होती. नवा माणूस आधी कोरसमध्ये बसे आणि गाणी तोंडपाठ करी. गाणी आली की नाटकाचे सांधे कळत. मग एखाद्या दिवशी मुख्य नट आला नाही तर त्याला उभे करता येई. लिहिता-वाचता न येणाऱ्या कलावंताजवळ नाटकाची संहिता ती हीच.

हबीबजी स्वतः कवी होते, पण आपली चाल लोकांवर लादणारे नव्हते. ब्रेख्तचे ‘सेझुआनची भली बाई’ त्यांनी १९७८ मध्ये ‘शाजापूर की शांतीबाई’ म्हणून केले, तेव्हा त्या गाण्यांना छत्तीसगडी लोकधुनांत बसवले. शब्द जर्मनीहून, चाल धानाच्या शेतातून. कित्येकदा चाल आधी असे आणि शब्द तिच्या मापाने बेतले जात. हे काम तुम्हाला दुय्यम वाटेल. एखाद्या ओवीच्या चालीत नवा आशय बसवून पाहा, मग कळेल.

कुणाचे गाणे?

आता मुख्य प्रश्न. माणसे बदलत राहिली, साज राहिला. पण गाणे कुणाच्या नावावर राहिले?

१९७८ च्या ‘बहादुर कलारिन’ या नाटकातले ‘चोला माटी के राम’ हे गाणे २०१० मध्ये ‘पीपली लाइव्ह’ चित्रपटामुळे देशभर पोचले. हबीबजींची मुलगी नगीन तन्वीर यांनी ते गायले आणि गीतकार म्हणून गंगाराम साकेत यांचे नाव लागले. हे चांगले उदाहरण. त्याच्या वर्षभर आधी ‘दिल्ली-६’ चित्रपटातले ‘ससुराल गेंदा फूल’ गाजले होते. रायपूरच्या जोशी भगिनींनी ते छत्तीसगडी गाणे त्याआधी कैक वर्षे गायलेले होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र गीतकार म्हणून प्रसून जोशी यांचे नाव होते, आणि छत्तीसगडात त्यावर नाराजी व्यक्त झाली. ‘लोकगीत’ असा शिक्का बसला की गाणे सर्वांचे होते, आणि सर्वांचे झाले की ज्याने ते रचले त्याचे राहत नाही. लोकगीतालाही बहुधा एक गाव असते आणि पुष्कळदा एक माणूसही असतो. तुम्ही प्रकल्पासाठी गाणी गोळा कराल तेव्हा गाणाऱ्याचे नाव लिहाच, आणि ‘हे तुम्हाला कुणी शिकवले’ हेही विचारा.

दुसरा हिशेब पैशाचा. नया थिएटर दिल्लीत आणि पुढे भोपाळमध्ये राहून चालले. रेपर्टरी अनुदानातून कलावंतांना पगार मिळू लागला, हे गावच्या साजात शक्य नव्हते. मोसमी मजुराला बाराही महिन्यांचे काम मिळाले. पण पगार तुटपुंजा, आणि मंडळीतून बाहेर पडल्यावर काहीच नाही. गोविंदराम निर्मलकर यांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा ते पक्षाघाताने खचलेले होते आणि औषधपाण्याची ओढाताण होती. २०१४ मध्ये ते गेले. हबीबजींनी कलावंतांना जगाच्या मंचावर नेले, हे खरे. त्या मंचावरून उतरल्यावर काय, याची व्यवस्था ना त्यांच्याने झाली, ना शासनाने केली. एका माणसाच्या जिवावर चाललेल्या संस्थेची ही मर्यादा आहे आणि ती नोंदवली पाहिजे, त्यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी.

संकटे आणखीही आली. ‘पोंगा पंडित’ हे अस्पृश्यतेवरचे जुने प्रहसन. हबीबजींच्या जन्मानंतरच्या दशकातच नाचा कलावंतांनी ते रचले होते आणि गावोगाव ते खेळले जात होते. १९९० च्या दशकात आणि पुन्हा २००३ मध्ये त्याच्या प्रयोगांवर हल्ले झाले. गंमत अशी की तेच प्रहसन गावातले साज करी तेव्हा कुणाची हरकत नसे. दिग्दर्शकाचे नाव मोठे झाल्यावर आक्षेप घेणारे आले.

८ जून २००९ रोजी हबीब तन्वीर भोपाळला वारले. त्याच वर्षी, सतनामी समाजातून आलेल्या आक्षेपानंतर, छत्तीसगड शासनाने ‘चरणदास चोर’च्या पुस्तकावर बंदी घातली. ज्या समाजाच्या नाचाने नाटक उभे राहिले, त्याच समाजातून आक्षेप आला, हे कसे समजून घ्यायचे? समाज एकजिनसी नसतो आणि पन्नास वर्षांत तो बदलतोही, एवढे तरी मनाशी ठेवा. वर्गात यावर वाद होऊ द्या.

नया थिएटर त्यानंतरही चालू राहिले, नगीन तन्वीर आणि जुन्या-नव्या कलावंतांच्या जोरावर. दीपक तिवारी आणि त्यांच्या पत्नी पूनम तिवारी यांनी राजनांदगावला परतून स्वतःची मंडळी चालवली होती. २०१९ मध्ये त्यांचा तरुण कलावंत मुलगा वारला. अंत्ययात्रा निघण्याआधी पूनमबाईंनी मुलाच्या देहापाशी बसून ‘चोला माटी के’ म्हटले, आणि आजूबाजूला बसलेले मुलाचे सोबती वाद्यांवर साथ करीत होते.